आधी जनावर होतं हे दाखवावं लागतं

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीनं आमच्या दोन गाई, एक म्हैस, एक कालवड आणि सात शेळ्या नेल्या. दोन्ही गाई दावणीलाच गेल्या. म्हैस वाहत जाऊन पलीकडच्या गावच्या शिवारात सापडली. कालवड आणि शेळ्या शेवटपर्यंत दिसल्याच नाहीत. शासनाची मदत मिळावी म्हणून या सगळ्यांची नोंद करताना काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या आसपास काही घरांची जनावरं आमच्यापेक्षा जास्त गेली आणि केवळ कागद अपुरे पडले म्हणून त्यांच्या हातात कमी आलं. हे मला आजही सहन होत नाही.

घट बसलेले होते. रात्री पाणी वाढायला लागलं तसं ह्यांनी आणि भाऊजींनी विळ्यानं दावी कापली. मोकळी झालेली जनावरं चढाकडं पळाली, त्यातली बरीच वाचली. कोपऱ्यातल्या दोघींपर्यंत पोचायच्या आत पाणी छातीला लागलं आणि सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, दोघांना ओरडून माघारी बोलावलं. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

पाणी उतरल्यावर गोठ्यात गुडघाभर गाळ होता आणि उन्हानं वास सुटायला लागला होता. आत्यांचं एकच म्हणणं, "माझ्या हातची जनावरं हायत ती. कुत्र्यांच्या तोंडी पडू देऊ नगा, आधी माती द्या." त्यांचं मन कळत होतं, पण मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "ताई, पुरू नका. ताडपत्री टाका, दगड ठेवा, मी किंवा आमचा माणूस येतोच. तोवर फोटो काढून ठेवा." लगोलग तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना कळवलं. फोन केला तो केलाच, शिवाय व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं, म्हणजे किती वाजता कळवलं ते राहिलं. पुढं तहसीलमध्ये "तुम्ही कधी कळवलं?" असं विचारलं गेलं तेव्हा तो मेसेजच उपयोगी पडला.

फोटोंबद्दल नीट सांगते. आमचे फोन भिजून बंद पडले होते, म्हणून पुतण्याच्या फोनवर काढले. त्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश फोटोवरच उमटवणारं ॲप घेतलं. प्रत्येक जनावराचा दोन्ही अंगांनी, तोंडाचा, दावणीसकट गोठ्याचा, मालक शेजारी उभा असलेला, आणि कानातल्या बिल्ल्याचा अगदी जवळून. बिल्ल्याचाच फोटो सगळ्यात अवघड गेला. आमच्या गौरी गाईचा डावा कान चिखलात दबला होता आणि बिल्ल्यावर गाळ वाळून घट्ट बसला होता. नखानं खरवडलं तर आकडे दिसेनात. मग फडकं भिजवून हळूहळू पुसत गेले तसा एकेक आकडा उघडा पडला. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. पुतण्या मोठ्यानं वाचत होता, मी वहीत उतरवत होते, आणि लिहून झाल्यावर मी वाचलं, त्यानं बिल्ल्याशी ताडून पाहिलं. एक आकडा इकडचा तिकडं झाला तर भारत पशुधनच्या, म्हणजे सरकारच्या जनावरांच्या ऑनलाइन नोंदीत दुसऱ्याच कुणाची तरी गाय निघते.

या बिल्ल्याला एवढं महत्त्व का, तर १ जून २०२४ पासून राज्यात तसा नियमच आहे. नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्यानं किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि त्याच्या कानात बिल्ला नसेल, तर मदत देता येत नाही. आमच्याकडं बिल्ले मारायला माणसं आली तेव्हा आत्या नाखूश होत्या, कान चिघळतो म्हणून. पण त्या बिल्ल्यामुळंच आमची कालवड कागदावर जिवंत राहिली. तिचं शरीर सापडलं नाही, पण तिचा नंबर, जात, वय, लसीकरणाच्या तारखा आणि कृत्रिम रेतनाची नोंद दवाखान्याच्या ॲपमध्ये होती. जनावर मेलं हे सांगायच्या आधी ते आपल्या दावणीला होतं हे दाखवावं लागतं, आणि जे वाहून गेलं त्याच्या बाबतीत तर सगळा भार त्याच्यावरच असतो.

डॉक्टर आले ते चिखल तुडवत, गाडी डांबरी रस्त्याला लावून. त्यांच्याकडं आसपासची बरीच गावं होती, चेहऱ्यावर झोप नव्हती. दोन गाईंपैकी एक फार फुगली होती, तिची त्यांनी बाहेरून तपासणी केली. गौरीचं शवविच्छेदन केलं. मी तिथंच थांबले, कारण पुढं काही विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे असं वाटलं. त्यांनी श्वासनलिका उघडून दाखवली. आत पांढरा फेस आणि त्यात मिसळलेला बारीक गाळ, अगदी खालपर्यंत. "जिवंतपणी पाणी ओढलंय, म्हणून गाळ एवढा आत गेला," असं म्हणत त्यांनी सोबतच्या माणसाला ते तसंच लिहायला सांगितलं. मृत्यूचं कारण स्पष्ट लिहिलेलं असणं फार गरजेचं आहे. आपत्तीच्या निधीतून मदत मिळते ती आपत्तीनं मेलेल्या जनावराची. अहवालात नुसतं "मृत आढळले" एवढंच आलं, तर आजारानं मेलं की पुरानं हा प्रश्न कुणीही काढू शकतो.

याच ओघात डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट इथं नोंदवते. पुराच्या दिवसांत मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला हात लावू नये, चिरू तर मुळीच नये. काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. आधी डॉक्टरांना सांगायचं, पंचनामा नंतर.

मग जेसीबीनं खोल खड्डा घेतला, विहिरीपासून लांब, चुना आणि मीठ टाकून दोघींना पुरलं. पुरतानाचाही फोटो काढला. आत्यांनी हळदकुंकू वाहिलं.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं आले. आता यातल्या काहींची पदनामं बदलली आहेत, पण गावात आम्ही अजून असंच म्हणतो. सरपंच आणि पोलीस पाटील होते, पंच म्हणून शेजारच्या वस्तीवरचे दोघं. बिचाऱ्यांच्या हातात पिकं, घरं, विहिरी, खरडून गेलेल्या जमिनी, सगळ्यांचेच पंचनामे. घाईनं लिहिलं जाणं मी समजू शकते. पण घाईत लिहिलेली ओळ नंतर कुणी बदलून देत नाही, म्हणून सही करायच्या आधी मी म्हटलं, "भाऊसाहेब, एकदा वाचून दाखवा." त्यांनी वाचलं. "गाय दोन, म्हैस एक, वासरू एक, शेळ्या सात." एवढंच होतं. मी वही उघडली आणि प्रत्येकीचा रंग, जात, वय, किती वेताची, दूध किती, बिल्ल्याचा नंबर, कुठं बांधलेली होती, शरीर सापडलं की नाही, असं एकेक लिहायला लावलं. त्यांनी कुरकूर न करता लिहिलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

खरी अडचण दुसऱ्या गायीवर आली. चंद्री त्या वेळी दूध देत नव्हती. दोन महिन्यांवर वेत आलं होतं म्हणून आम्ही तिला आटवली होती, म्हणजे धार काढणं थांबवलं होतं. मूळ पंचनाम्यात तिच्यापुढं "भाकड", म्हणजे दूधही नाही आणि गाभणही नाही, असा शेरा पडला. गोठा सांभाळणाऱ्या कुणालाही कळेल की आटवलेली गाभण गाय आणि भाकड गाय यांत किती अंतर आहे. मदतीचे निकष उत्पादक जनावरांसाठी आहेत आणि दर प्रकारावर ठरतो, त्यामुळं हा एक शेरा फार महाग पडला असता. पुराच्या वेळी दर असे होते: दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,००० रुपये, वासरू २०,००० रुपये, शेळी-मेंढी ४,००० रुपये आणि कोंबडी १०० रुपये. हे केंद्राच्या आपत्ती निधीचे निकष होते, २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे, आणि राज्यानं २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं ते लागू केले. चांगली दुभती संकरित गाय आज या पैशात येत नाही, हे बाजारात जाणाऱ्याला माहीत आहे. पण निदान जे ठरलंय ते तरी पूर्ण मिळावं.

चंद्री दुधाळच होती हे दाखवायला मला दूध संस्थेचा आधार मिळाला. संस्थेत खातं माझ्या नावावर आहे. दर दहा दिवसांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी पत्र्याच्या डब्यात ठेवते, आणि तो डबा माळ्यावर असल्यानं वाचला. त्या चिठ्ठ्यांत दिसत होतं की उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं दूध किती जात होतं, चंद्री आटवल्यावर ते किती उतरलं, आणि पुरानंतरच्या चिठ्ठीत तर गौरी आणि म्हशीचंही गेलं. संस्थेच्या सचिवांनी त्यावर सही-शिक्क्याचा दाखला दिला. दवाखान्यातून रेतनाची तारीख आणि गाभण तपासणीची नोंद मिळाली. डॉक्टरांनी लिहून दिलं की गाय गाभण असून वेतापूर्वीच्या आटवणीच्या काळात होती. हे सगळं जोडून अर्ज केल्यावर तहसीलमध्ये शेरा बदलून "दुधाळ" झाला. कालवडीबाबत मात्र माझं काही चाललं नाही. ती पहिल्यांदाच गाभण होती, सातवा महिना लागला होता, तरी तिची गणना वासरातच झाली. पहिलं वेत झालेलं नाही म्हणजे दुधाळ नाही, असं उत्तर मिळालं. गाभण कालवड वासराच्या दरात धरणं मला आजही अन्यायाचं वाटतं. तिच्यावर अडीच वर्षांचा चारा, औषधं आणि राबणं खर्च झालेलं असतं आणि दूध सुरू व्हायला काही महिनेच उरलेले असतात. याचा विचार निकषात झालाच पाहिजे.

म्हशीचं प्रकरण हद्दीवरून अडलं. ती सापडली दुसऱ्या गावच्या उसात, बांधावरच्या बाभळीला अडकलेली. आमचे तलाठी म्हणाले, शरीर तिकडच्या तलाठ्यांच्या सज्ज्यात, म्हणजे हद्दीत आहे, पंचनामा त्यांनी करावा. तिकडचे म्हणाले, मालक इथला नाही, आमच्या यादीत नाव कसं घेणार? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं आणि म्हैस मात्र उन्हात पडून होती. शेवटी तिकडच्या पोलीस पाटलांनी पुढाकार घेतला. त्यांनी जागेवर येऊन लेखी दाखला दिला: अमुक गटातल्या उसात या नंबरच्या बिल्ल्याची म्हैस पुरानं वाहून आलेली मृत सापडली, मालक म्हणून अमुक यांनी ओळखली, दोन साक्षीदार. त्या दाखल्यावर आमच्या तलाठ्यांनी आमच्याच गावच्या पंचनाम्यात म्हैस घेतली. ज्या शेतकऱ्याच्या उसात ती होती त्यांनी स्वतःचं पीक आडवं झालेलं असताना आमच्यासोबत उभं राहून सही केली.

यानंतर नावाचा घोळ निघाला. बिल्ले मारले त्या दिवशी गोठ्यात भाऊजी होते, म्हणून ॲपमध्ये मालक म्हणून त्यांचं नाव आणि त्यांचाच मोबाईल. सातबारा सासऱ्यांच्या नावे. दूध संस्थेत मी. पंचनाम्यात ह्यांचं नाव. एकाच दावणीची जनावरं आणि कागदावर चार मालक. हे फक्त आमच्याकडं नाही, एकत्र कुटुंबात बहुतेक ठिकाणी असंच असतं, आणि धारा काढणारी बाई तर बहुतेक कागदांत कुठंच नसते. आम्ही घरात बसून ठरवलं की मदत ह्यांच्या नावे घ्यायची. भाऊजींनी आणि सासऱ्यांनी संमतीपत्र लिहून दिलं, रेशनकार्डाची प्रत जोडली. ह्यांच्या खात्याला आधार जोडलेलं आहे असं आम्ही धरून चाललो होतो, पण बँकेत विचारल्यावर कळलं की थेट लाभाचे पैसे एका जुन्या, व्यवहार बंद पडलेल्या खात्याकडं जातील अशी जोडणी आहे. ती बदलून घेतली. यादीत नाव गेल्यावर हे कळलं असतं तर पैसे अधांतरी राहिले असते.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच परत यायचं, हे मला आमच्या शेजारच्या तात्यांनी शिकवलं. ते निवृत्त शिक्षक आहेत. "सूनबाई, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धर," असं ते म्हणायचे. एकदा कार्यालयात आमची फाईल दिसेना. आवक क्रमांक सांगितल्यावर नोंदवहीतून ती कुठल्या टेबलावर गेली ते निघालं.

तात्यांची स्वतःची गोष्ट मात्र वाईट झाली. त्यांच्या मुलाच्या पाच दुभत्या गाई गेल्या. निकषानुसार एका कुटुंबाला तीन मोठ्या दुधाळ जनावरांपुरतीच मदत मिळायची, शेळ्या-मेंढ्यांसारखी लहान दुधाळ असतील तर तीस. म्हणून पंचनामा करताना तीनच गाई सविस्तर लिहिल्या गेल्या. बाकी दोघींना कशाला लिहायचं, मिळणार तर नाहीच, असं सगळ्यांनाच वाटलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी पूरग्रस्तांसाठीचं मोठं पॅकेज जाहीर केलं आणि त्यात तीन जनावरांची मर्यादा काढली. तोवर त्या दोन गाई पुरून झाल्या होत्या, फोटो होते ते लांबून, बिल्ल्याचा आकडा वाचता येत नव्हता. पुरवणी पंचनाम्यासाठी त्या मुलाला फार धावाधाव करावी लागली. ॲपमधल्या नोंदी, दूध संस्थेच्या चिठ्ठ्या, जेसीबीवाल्याचा जबाब, एवढं सगळं गोळा करून एका गायीचं मान्य झालं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते: मदत कितीची मिळणार याचा हिशोब आधी करू नका. जेवढी गेली तेवढ्या सगळ्यांचा पंचनामा करून घ्या, अगदी कोंबड्यांसकट. नियम नंतर बदलू शकतो, पुरलेलं जनावर परत दाखवता येत नाही.

आमच्या गाई आणि म्हशीचे पैसे खात्यावर आले. कालवडीचे थोडे उशिरानं, वासराच्या दरानं. त्या पैशांत आम्ही लगेच जनावर घेतलं नाही. आधी गोठ्याची जागा बदलली, उंचवट्यावर नेला, आणि वाचलेल्या जनावरांना कडबा घेतला, कारण पुरानं चाराही नेला होता. ह्यांचं मत होतं की एक गाय घ्यावीच. मी अडून राहिले, चारा नसताना नवीन तोंड कशाला वाढवायचं?

शेळ्यांचं अजून लोंबकळत आहे. सातपैकी चार मोठ्यांना बिल्ले होते, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचल्याची नोंद होती, त्यांची शरीरं नसतानाही पंचांच्या जबाबावर त्या मान्य झाल्या. उरलेली तीन पाठी-बोकडं उन्हाळ्यात जन्मलेली. बिल्ले मारणारी माणसं त्यानंतर वस्तीवर आलीच नव्हती. नियमात बिल्ला सक्तीचा आहे, आणि तो का हवा हेही मला पटतं, कारण त्याशिवाय कुणीही खोटी जनावरं लावेल. पण वस्तीवर बिल्ला पोचवण्याची जबाबदारीही कुणाची तरी आहेच ना? चार-पाच महिन्यांच्या पिलांना बिल्ला नाही म्हणून ती नव्हतीच असं ठरवणं बरोबर नाही. आत्यांनी स्वतःच्या हातानं त्यांना बाटलीनं दूध पाजलेलं आहे. पुतण्याच्या फोनमध्ये नागपंचमीच्या दिवशीचा एक व्हिडिओ आहे, त्यात अंगणात तिघंही उड्या मारताना दिसतात आणि खाली तारीख आहे. तो व्हिडिओ, शेजाऱ्यांचे जबाब आणि त्यांच्या आयांचे बिल्ले नंबर जोडून मी वेगळा अर्ज दिला आहे. १२,००० रुपयांचा प्रश्न आहे. तहसीलमधून तो तपासणीसाठी पशुसंवर्धन विभागाकडं गेला आहे असं सांगितलं, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक मी मागून घेतला आहे. परवा दवाखान्यात विचारलं तर पत्र त्यांच्यापर्यंत आलेलं नव्हतं. सोमवारी क्रमांक घेऊन पुन्हा जाते. जाताना वाचलेल्या शेळीची नवीन दोन पिलंही सोबत नेणार आहे, बिल्ले मारून घ्यायला.